कौलावरचे दात

पोशट्टी स्थलांतर अभ्यास केंद्राच्या पायऱ्या चढून आला तेव्हा त्याने तोंडावर टॉवेल दाबून धरला होता. सकाळचे साडेनऊ झाले होते. डॉ. वैजयंती बिराजदारने त्याच्यासाठी खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. त्याने टॉवेल बाजूला केला. वरचे समोरचे चार दात नव्हते. हिरडी फाटून लोंबत होती आणि एका ठिकाणी जबड्याचं हाड दिसत होतं.

"बाई, वळखलात का?" त्याच्या शब्दांतून वारा जात होता. "कोंडलापूर. तुमी माझ्या घरावर चढला होता. माझ्या पोरीचा दात नेला होता."

"तुमचं एक कौल माझ्या पायाखाली फुटलं होतं," वैजयंती म्हणाली.

"हाव. त्येच." त्याला क्षणभर बरं वाटल्यासारखं दिसलं. "माझा आजा कोंडलापुरात मेला. पणजा तिथंच मेला. मग तुमचं मशिन मला पलीकडचा कसं म्हणालंय?"

ओतशाळेच्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्याच्या, फाटकावर काल दुपारी त्याला पकडलं होतं. मजुरांचा ठेकेदार सुग्रीव लोहकरे, त्याची माणसं होती. दात तपासायच्या यंत्राने राज्याच्या हद्दीपलीकडचं गाव दाखवलं. पुन्हा यंत्र लावायची वेळ येऊ नये म्हणून पलीकडच्या माणसाचे पुढचे दात काढून ठेवायचे, हा त्यांचा नियम होता. तोंड उघडलं की कळलं पाहिजे.

"भट्टीतलीच पक्कड होती," पोशट्टी म्हणाला. "परवाच तेल लावून ठिवलो होतो मी तिला."

सायम्माने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. सायम्मा केंद्राची सगळ्यात जुनी क्षेत्र-सहायक. गावोगाव फिरून माणसांना बोलतं करायचं काम तिचं. ती स्वतः पलीकडची होती. एकोणीस वर्षांपूर्वी तांबरवाडीच्या ओतशाळेत मोळ्या वाहायला आली आणि कामगार वस्तीतच राहिली. मागच्या महिन्यात वस्तीत जाताना फाटकावर तिचाही दात तपासला गेला होता. यंत्राने तिला इथली ठरवलं. तेव्हा ती हसत आली होती. "बाई, मला मराठी बोलताना तुमी चुका काढता. माझ्या दाताला काय बी अडचण नाही बघा."

आज ती हसली नाही. तिने पोशट्टीच्या तोंडात बर्फाचा खडा धरला आणि वैजयंतीकडे पाहिलं. यंत्र कशामुळे चुकतंय ते दोघींना एकाच वेळी कळलं होतं.

दाताचं शास्त्र वैजयंती दरवर्षी पहिल्या वर्गाला दहा मिनिटांत शिकवत असे. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य सगळ्या खडकांत थोडंथोडं असतं. त्याचे जड आणि हलके असे प्रकार आहेत आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खडकागणिक बदलतं. काळ्या बसाल्टमध्ये ते ०.७०६च्या आसपास असतं. पठार संपून तांबूस ग्रॅनाइट जमिनीवर येतो तिथे ते ०.७१५च्या पुढे जातं, आणि मग गावागावाला वेगळं होत राहतं. खडकातून स्ट्रॉन्शियम विहिरीत येतं, विहिरीतून ज्वारीत, ज्वारीतून माणसात. शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि दातांत बसवतं. हाडं आयुष्यभर झिजतात आणि भरतात. दाताचं वरचं कवच मात्र लहानपणी एकदाच तयार होतं. माणूस कुठेही गेला तरी बालपणीची विहीर त्याच्या तोंडात राहते.

नऊ वर्षांपूर्वी ओतशाळेची एक भट्टी फुटली आणि अकरा माणसं जळाली. ठेकेदाराकडे त्यांची नावं नव्हती. सरकारी भाषेत ते अकरा बेवारस मृतदेह होते. केंद्राचे संस्थापक धोंडीराम सूर्यतळ सरांनी तेव्हा भूशास्त्र विभागात येऊन वैजयंतीला विचारलं होतं, "माणूस कुठला हे दगडावरून सांगता येतं का हो?" तिने प्रत्येकाचा एक दात मागितला. पण दाताशी ताडून पाहायला गावांचे आकडे लागतात. ते मिळवायचा मार्ग सायम्माने सांगितला. लेकराचा पडलेला दुधाचा दात लोक कौलावर फेकतात. तो तिथेच राहतो.

सहा वर्षं त्या दोघी घरांवर चढल्या. हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची मिळून चारशे बारा गावं झाली. अकरापैकी नऊ जणांची घरं सापडली. बायकांना नवऱ्याची हाडं मिळाली, मृत्यूचा दाखला मिळाला.

नकाशा छापायची वेळ आली तेव्हा सूर्यतळ सरांनी अट घातली. कोणत्या गावातून, कोणत्या घरावरून दात आला हे कोणाला कळता कामा नये. स्थलांतरितांचा अभ्यास करणारे हे नेहमीच करतात: गावाचा ठिपका त्याच्या जागेवरून थोडा सरकवतात. इथे प्रत्येक ठिपका पंधरा किलोमीटरपर्यंत, वाटेल त्या दिशेला सरकवला गेला. किती सरकवला ते अंतर वैजयंतीच्या वहीत होतं. कोणत्या दिशेला, ते सरांच्या वहीत. संगणकावर काहीच नव्हतं. नकाशासोबतच्या पुस्तिकेत अठ्ठावन्नाव्या पानावर तशी तळटीप होती.

मग एका कंपनीने हातात मावेल असं यंत्र काढलं. दाताला लेझरचा एक बारीक ठिपका द्यायचा, चाळीस सेकंद थांबायचं. यंत्र आकडा मोजून नकाशाशी ताडायचं आणि पडद्यावर गावाचं नाव दाखवायचं. लोक त्याला टोच म्हणत. पाचातल्या चार नोकऱ्या स्थानिकांना देण्याचा कायदा आला तेव्हा कागदपत्रं नसलेल्यांसाठी टोचचा निकाल ग्राह्य धरला गेला. नकाशा केंद्राचाच होता. अठ्ठावन्नावं पान कोणी वाचलं नव्हतं.

बसाल्टमध्ये ठिपका सरकला तरी फरक पडत नाही, आकडे सारखेच असतात. हद्दीजवळच्या ग्रॅनाइटमध्ये पडतो. कोंडलापूरचा ठिपका चौदा किलोमीटर पूर्वेला, पलीकडे गेला होता. सायम्माचं गाव नऊ किलोमीटर पश्चिमेला आलं होतं.

"शुद्धिपत्र काढते," वैजयंती म्हणाली.

सूर्यतळ सर एकाहत्तर वर्षांचे होते. निवृत्तीनंतरही ते रोज येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. तिने लिहिलेल्या अकरा ओळी त्यांनी दोनदा वाचल्या आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हे दोन शब्द काढा."

तिथे लिहिलं होतं: हद्दीलगतच्या पट्ट्यात यंत्राचे निकाल दोन्ही बाजूंनी चुकू शकतात.

"कोंडलापूरच्या लोकांना पलीकडचं दाखवलं जातं, एवढंच लिहा. ते सुटतील."

"पण तेवढंच खरं नाही, सर. अर्धं शुद्धिपत्र काढता येत नाही."

"येतं. मी जन्मभर अर्धंच लिहिलं. म्हणून मी ज्यांच्याविषयी लिहिलं ती माणसं जिवंत आहेत." त्यांनी चष्मा काढला. "सायम्माच्या वस्तीत हद्दीपलीकडची तेवीस माणसं आहेत. तुमच्या दोन शब्दांवर उभी आहेत."

"कंपनीने नकाशा वापरणं थांबवलं की प्रश्नच संपतो."

"कंपनी थांबवेल. सुग्रीव लोहकरे थांबेल?"

वैजयंतीने शब्द ठेवले. तिच्या हातून आजवर अपुरी नोंद गेली नव्हती. सोमवारी दुपारी शुद्धिपत्र कंपनीकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि स्थानिक वृत्तपत्रांना गेलं. मंगळवारी कोंडलापूरच्या पट्ट्यातल्या चाळीस जणांना फाटकातून आत घेतलं. पोशट्टीने रुग्णालयातून निरोप पाठवला की आता सूपच प्यायचं आहे, पण स्वतःच्या जिल्ह्यातलं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता चौदा माणसं केंद्रात शिरली. त्यांच्यात वैजयंतीचा धाकटा भाऊ व्यंकट होता.

व्यंकट ओतशाळेत मुकादम होता. त्याच्या पाळीत मागच्या वर्षी सात माणसं कमी झाली आणि त्या जागी कमी रोजावर पलीकडची आली, असं तो म्हणायचा. ते खोटं नव्हतं. बहिणीच्या केंद्रात तो पूर्वी कधी आला नव्हता. त्याने आधी चपला दारात काढल्या, मग आजूबाजूला पाहून पुन्हा घातल्या.

"अक्का, दोन्ही बाजूंनी म्हणजे काय?" त्याने विचारलं. "म्हणजे मशिनने इथले म्हणून सोडलेत त्यांच्यातबी पलीकडचे आहेत. बरोबर?"

वैजयंती खुर्चीतून उठली.

"ठिपके कुठं सरकवले त्या वह्या कुठं आहेत?" व्यंकटने विचारलं.

"माझी वही मी देणार नाही," सूर्यतळ सर कोपऱ्यातून म्हणाले. "बस बाळ. पाणी घे."

"बाळ कुणाला म्हणतो रे थेरड्या?" मागून कोणीतरी ओरडलं.

कपाटं पाडली गेली. सहा वर्षांचे दात काचेच्या बाटल्यांतून फरशीवर सांडले आणि बुटांखाली कचकचले. एकाने सरांना कॉलरला धरून उठवलं. सर म्हणाले, "वही मी जाळली. सोमवारीच." ते खरं होतं, वैजयंतीने संध्याकाळी मागच्या आवारात राख पाहिली होती.

"मग आठवून सांग."

"आठवत नाही."

वैजयंतीच्या टेबलावर खडक फोडायचा तिचा हातोडा होता. एका बाजूला चौकोनी, दुसऱ्या बाजूला टोकदार. व्यंकटने तो उचलला. त्याने तो टेबलावर आपटायला उचलला असावा, असं ती नंतर स्वतःला सांगून पाहायची. पण तिने ते पाहिलं होतं आणि ती नीट पाहणारी बाई होती. पहिला फटका सरांच्या डाव्या कानावर बसला, चौकोनी बाजूने. आवाज ओल्या लाकडासारखा आला. सर पडले नाहीत. ते आश्चर्याने व्यंकटकडे पाहत राहिले आणि त्यांच्या कानातून रक्त सदऱ्यात उतरू लागलं. दुसरा फटका निळ्या शर्टातल्या एकाने लोखंडी पट्टीने मारला, तिसराही त्यानेच. मग सर पडले आणि बाकीच्यांचे पाय चालू झाले. वैजयंती त्यांच्या अंगावर आडवी पडली तेव्हा तिच्या दोन बरगड्या मोडल्या. तिला केसांना धरून ओढलं गेलं.

"मेलं का?"

"काय मरतंय. जुनं हाड आहे."

सरांचा एक हात फरशीवर सांडलेल्या दातांतून काहीतरी शोधत असल्यासारखा हलत होता. मग तो थांबला.

"वही नसली तर नसली," व्यंकट म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि तो सरांकडे पाहत नव्हता. "ही सगळ्या गावांत गेलीय. चारशे बारा. हिला शाळेत असल्यापासून एकदा वाचलेलं सगळं पाठ असतं. हिलाच घेऊन चला."

ओतशाळेचं मागचं आवार भर दुपारी तापलं होतं. चालू भट्टीची धग भिंतीपलीकडून येत होती. सायम्माच्या वस्तीतली, टोचने इथली म्हणून सोडलेली तेवीस माणसं उघड्यावर दोन रांगांत बसवली होती, हात डोक्यावर. सायम्मा दुसऱ्या रांगेच्या टोकाला होती. तिचा ओठ फुटला होता. आवाराबाहेर फाट्यावर पोलिसांची गाडी उभी होती; ती सकाळपासून तिथेच होती.

सुग्रीव लोहकरे लोखंडी पिंपावर बसला होता. साठीचा माणूस. त्याने वैजयंतीला नमस्कार केला.

"म्याडम, तुमी खोटं बोलत न्हाई म्हणतात. शुद्धिपत्र वाचलं मी. आमच्या कोंडलापूरच्या पोरांवर आमच्या हातून अन्याव झाला. तुमी म्हनून कळलं. आता दुसरी बाजू सांगा. यातलं कोण कुठलं?"

वैजयंतीला श्वास घेताना बरगड्या टोचत होत्या. तिने रांगा पाहिल्या. तेवीसही जणांची गावं तिला माहीत होती. तेवीसही पलीकडची होती.

पहिला मल्लेश होता, भट्टीतली राख उपसणारा, सव्वीस वर्षांचा. ती म्हणाली, "मल्लेश. नागतळ. शून्य पूर्णांक सात एक सात चार. हा इथला आहे."

तिला वाटलं होतं की आकडा पुरेल. तिच्या जगात तो नेहमी पुरला होता.

सुग्रीव मल्लेशकडे वळला. "नागतळला जत्रेत पालखी कुणाची निघते रे?"

मल्लेशने वैजयंतीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मारुतीची."

"नागतळला पालखी निघतच न्हाई. माझी सासुरवाडी हाय ती," सुग्रीव म्हणाला आणि हात खाली केला.

सळई मल्लेशच्या मानेवर बसली. तो पुढे कोसळला आणि उठायला गेला, तेव्हा दुसरी पाठीवर. तिसरी डोक्यावर. एका पोराने मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि त्याच्या पायावर टाकला, मग तो पुन्हा उचलून छातीवर टाकला. मल्लेश एकदाच ओरडला होता. हे सगळं दीड मिनिटात संपलं. रांगेतल्या कोणी डोक्यावरचे हात खाली घेतले नाहीत.

वैजयंती रांगेकडे वळली. तिचा विचार अगदी स्वच्छ चालला होता आणि त्याची तिला भीती वाटली. चूक कुठे झाली? गाव देणं चुकलं. गावाला सासुरवाड्या असतात, पालख्या असतात. गाव तपासता येतं. काय तपासता येत नाही?

घराघरांत जाऊन पाहणी करताना ज्या घराला कुलूप असेल त्यापुढे वहीत 'कु' लिहायचं असतं. बाहेर गेले, कुठे गेले माहीत नाही. चारशे बारा गावांत अशी एक हजार नव्वद घरं होती. त्या घरांच्या ओट्यावर बसून तिने आणि सायम्माने शेजाऱ्यांकडून सगळं ऐकलं होतं: कोणाची विहीर आटली, कोण कोणाशी भांडलं, कोण कोणत्या साली गेलं. सायम्मा म्हणायची, "बाई, कुलूप लावलेलं घर जास्त बोलतं."

"म्याडम," सुग्रीव म्हणाला, "पुन्हा असं करू नका."

"मी गाव सांगितलं, ते चुकलं," ती म्हणाली. "आकड्यावरून गाव चुकतं. आता घर सांगते. घर मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. फोन लावून विचारा."

ती दुसऱ्या माणसासमोर उभी राहिली. लिंगय्या, पासष्ट वर्षांचा, वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचा राखणदार. ती त्याच्याशी मोठ्याने बोलू लागली, पाहणीत बोलायची तशी.

"लिंगय्या, बोरताळ. वेशीतून तिसरं घर, दारात आवळा. बुज्जेवारांचं घर म्हणतात. पाच भाऊ होतात तुम्ही. वाटणीत विहिरीवरून भांडलात, थोरल्याने ती रागाने बुजवली, आणि मग एकेक करून सगळे निघालात. मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. आवळा वाळला होता. खरं ना?"

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याला तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. "खरं गं माय," तो म्हणाला. "ती हीर माझ्या बापानं खोदली होती." आणि तो खरोखर रडायला लागला. पलीकडच्या त्याच्या गावात अशीच एखादी विहीर असेल.

सुग्रीवने बोरताळच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"वेशीतलं तिसरं घर कुणाचं?"

"बुज्जेवाराचं. कुलूप हाय की. लई सालं झाली."

"लिंगय्या म्हणून होता का त्यातला कोणी?"

"आसंल. पाच जण होते. समदे गेले, कुठं गेले देवाला ठाऊक. हीर बुजवून गेले भाडखाऊ."

सुग्रीवने फोन बंद केला. लिंगय्याला उठवून सावलीत बसवलं गेलं.

मग वैजयंती रांगेतून पुढे सरकत गेली. प्रत्येकाला ती एक घर देत होती. एकाला चिंचेखालचं, जिथली सून विहिरीत सापडली होती. एकीला दोन खोल्यांचं, ज्याच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने रेल्वेगाडी काढून ठेवली होती. दोघा भावांना शाळेमागचं, ज्याचं छप्पर वादळात उडालं तरी कुलूप शाबूत होतं. ज्या घरांतून माणसं निघून गेली होती, त्यांत ती निघून आलेली माणसं ठेवत होती. सुग्रीवने सात ठिकाणी फोन लावला. सातही ठिकाणी उत्तर आलं: कुलूप हाय. मधल्या वेळात एका बाईला उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून निळ्या शर्टवाल्याने तिच्या तोंडावर लाथ मारली. तिने दात थुंकून मग सांगितलं की हो, रेल्वेगाडी तिच्या पोरानेच काढली होती.

मल्लेशवर माशा बसू लागल्या होत्या. त्याच्यासाठीही एक घर होतं. तिला ते दीड मिनिट उशिरा आठवलं होतं.

शेवटी सायम्मा राहिली.

"सायम्मा. कोंडलापूर. पोशट्टीच्या घराला लागून उजवीकडे. पडवीत दगडी उखळ," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

"हाव," सायम्मा म्हणाली. "उखळ फुटकं हाय."

सुग्रीव पिंपावरून उठला. "थांबा. ही तर व्यंकटच्या घरी राहिलीय. त्याची माय आजारी होती तवा सहा महिने हीच होती. फोन कशाला पायजे?" तो वळला. "व्यंकट, तुला ठाऊक असणार. सांग, कुठली ही?"

व्यंकट भिंतीला टेकून उभा होता. हातोडा अजून त्याच्या हातात होता आणि त्यावर सरांचे पांढरे केस चिकटले होते. त्याला माहीत होतं. सायम्मा त्यांच्या आईची वेणी घालायची, तिची चादर बदलायची आणि तिला आपल्या गावच्या तळ्यातल्या माशांच्या गोष्टी सांगायची. आई तिला हाकच मारायची, "ए पलीकडचे!"

"येंकटा," सायम्मा म्हणाली. एवढंच.

तो तिच्याकडे, मग बहिणीकडे पाहत राहिला.

"कोंडलापूरची," तो म्हणाला. "तिथं तळं हाय. त्यातल्या माशांचं सांगायची आईला."

सूर्यतळ सर त्या संध्याकाळी रुग्णालयात वारले. डाव्या कानावरच्या फटक्याने कवटी फुटली होती, असं शवविच्छेदनाच्या अहवालात लिहिलं होतं.

सरांच्या खुनाचा खटला सात महिन्यांनी उभा राहिला. त्याच काळात वस्तीतल्या लोकांबाबत जिल्हाधिकाऱ्यांनी लावलेली चौकशीही चालू होती. त्या दिवशी आवारात वैजयंतीने केलेल्या बावीस नोंदी खऱ्या धरल्या तर बावीस जणांना रहिवासी दाखला मिळणार होता. नाहीतर त्यांना हद्दीबाहेर सोडायचं होतं. त्या नोंदींना दुसरा कसलाच पुरावा नव्हता. पुरावा एकच होता: डॉ. बिराजदार खोटं बोलत नाहीत.

साक्षीच्या आदल्या दिवशी सायम्मा तिच्याकडे आली. "बाई, पहिला फटका कुणी मारला ते सांगू नका. गर्दी होती म्हणा. दिसलं न्हाई म्हणा. आईचं एकच लेकरू हाय ते."

"दोन आहेत," वैजयंती म्हणाली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती एक तास दहा मिनिटं उभी होती. किती माणसं आली, कोण कुठे उभं होतं, कोणत्या वस्तूने, कोणत्या बाजूने, कितव्यांदा. सगळं तिने सांगितलं.

"पहिला फटका कोणी मारला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"व्यंकट बिराजदार. हातोड्याच्या चौकोनी बाजूने, डाव्या कानावर. तो माझा सख्खा भाऊ आहे. हातोडा माझा होता."

मागच्या बाकावर बसलेल्या चौकशी अधिकाऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. जी बाई सख्ख्या भावाला सोडत नाही तिच्या बावीस नोंदींवर शंका घ्यायचं कारण उरलं नव्हतं. वैजयंतीने हे आधीच मोजलेलं होतं.

मग आरोपीला बोलायची संधी द्यायची वेळ आली. व्यंकटच्या वकिलाने त्याला आदल्या रात्री समजावलं होतं: बहीण एका ठिकाणी जरी खोटं बोलली असं दाखवता आलं, तर सगळी साक्ष ढासळते. तुला असं काही माहीत आहे का? व्यंकटने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "साक्षीदाराने सांगितलेल्या कशाबद्दल तुम्हाला काही म्हणायचं आहे? त्या दिवशी त्यांनी जे जे सांगितलं, त्यातलं काही खोटं होतं का?"

व्यंकटने पिंजऱ्याची दांडी धरली. तिसऱ्या बाकावर सायम्मा बसली होती, पदर तोंडाशी धरून. तिच्या शेजारी पोशट्टी होता, त्याच्या तोंडात आता नकली दात होते. व्यंकट दोघांकडे पाहत राहिला, मग वैजयंतीकडे. वैजयंतीने नजर काढून घेतली नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. टोचला लागायचे तेवढेच चाळीस सेकंद झाले असतील.

"अक्का खोटं बोलत नाही," व्यंकट म्हणाला.